माणूस बोलतोय, गाडी गप्प

१

जुनी मोटारसायकल सुरू होत नसली की लोक आधी तिला लाथा घालतात, मग शिव्या घालतात, आणि दोन्हींनी काही झालं नाही की बारक्याकडे आणतात. बारक्या म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, चष्मा कपाळावर ठेवून तोच शेडभर शोधत फिरणारा माणूस. थोरल्या भावाने, दादाने, लहानपणी एकदा बारक्या म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाइकं त्याला बारके मिस्त्री म्हणत, आणि त्यात काही हसण्यासारखं आहे हे आता कोणाच्या लक्षातही येत नसे.

त्याची पद्धत ठरलेली होती. प्लगला करंट येतोय का, कार्बोरेटरला पेट्रोल येतंय का, इंजिनात दाब आहे का. तिन्ही असलं तर गाडीच्या बापालाही सुरू व्हावं लागतं, असं तो छातीठोकपणे सांगे. वाक्य अर्थात दादाचं. बारक्याचं स्वतःचं असं एकही वाक्य नव्हतं, सगळी दादाची उसनी. शेडचा नियमही दादाचाच होता: माणूस बोलतोय, गाडी गप्प. इंजिन चालू असताना कोणी बोलायला तोंड उघडलं की आधी इंजिन बंद करायचं आणि मग कान द्यायचा. धडधडीवरून ओरडून बोललं की निम्मंच ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्यात कोणाचं तरी बोट जातं, असं दादाचं म्हणणं. बारक्या नवशिका असताना विसरला की दादा त्याचा कान पिळायचा. आता कोण कान पिळणार? पण हात शिकला तो शिकलाच. समोरच्याचे ओठ हलले की बारक्याचा हात इंजिन बंद करी, आणि आपण ते केलंय हे त्याला शांतता झाल्यावरच कळे.

त्या सकाळी त्याने शेडच्या कोपऱ्यातल्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. ही दादाची स्वतःची गाडी. काळी, एका मोठ्या सिलिंडरची, दोघा भावांपेक्षा वयाने थोडीच लहान. दादा आजारी पडला त्या दिवसापासून तिला कोणी बोटही लावलं नव्हतं. बारक्याने सवयीप्रमाणे इंजिनाच्या डोक्यावर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणावर, तळवा ठेवला.

डोकं कोमट होतं.

त्याने हात उचलून पाहिला, परत ठेवला. शेजारच्या दोन गाड्यांवर ठेवून पाहिला. त्या गार होत्या, सकाळी असतात तशाच. ताडपत्रीने ऊब धरली असेल, तो स्वतःशी म्हणाला. बाकीच्या गाड्यांवरही ताडपत्री होतीच, पण तेवढ्या खोलात जायला त्याला त्या क्षणी सवड नव्हती.

२

सवड नव्हती, कारण मधल्या दारातून वहिनी बघत होती.

शेड आणि घर यांच्यामध्ये एकच दार. पलीकडे लगेच दादाची खोली: खाट, औषधांचं स्टूल, खिडकी. खाटेवर दादा. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं, हातपाय ठेवले तिथेच. तो पडला तो याच गाडीशेजारी. त्याने किक मारली, गाडीने उलटा हिसका दिला, आणि दादा तसाच खाली बसला. पुन्हा उठला नाही, बोलला नाही. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूत रक्त साकळलंय. होता होईल तो उपाय केला आहे, आता ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, कधीकधी माणूस आवाजाचा हात धरून परत येतो.

मग वहिनीने रेडिओ लावून पाहिला. जुने शेजारी बोलावून त्यांना मोठमोठ्याने बोलायला लावलं. स्वतः तर ती दिवसभर बोलतच असे, भाजी महागल्यापासून ते लग्नातल्या रुसव्याफुगव्यांपर्यंत. दादाची पापणीही हलली नाही.

"भाऊजी," ती आदल्या दिवशी म्हणाली होती, "आपण सगळ्यांचे आवाज ऐकवले. ज्याच्यावर यांचा सगळ्यात जीव, तोच राहिला."

बारक्याला कळायला वेळ लागला नाही. दादाचा सगळ्यात जीव कशावर, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, आणि त्यावरून वहिनीने उमेदीच्या काळात बरंच भांडूनही घेतलं होतं.

"सुरू करतो. त्यात काय," बारक्या म्हणाला.

पण ती सुरू झाली तर ना! बारक्याने किक मारून मारून घाम काढला. गाडी नुसती ढिम्म.

३

मग त्याने शिस्तीत सुरुवात केली. आधी करंट. प्लग काढला, वायरीला लावून इंजिनावर आडवा ठेवला आणि किक मारली. प्लगच्या टोकाशी निळी, टणक ठिणगी पडली. झकास.

"भाऊजी!" आतून वहिनी किंचाळली. "पाय हलला! यांचा पाय हलला!"

बारक्या पाना टाकून आत धावला. दादा तसाच पडलेला होता, पण उजव्या पायावरचं पांघरूण सरकलं होतं. वहिनी हसत होती, रडत होती, पदराने नाक पुसत होती. "परत मारा. परत मारा ना."

त्याने परत मारली. "हलला!" तिसऱ्यांदा मारली. "हलला हो!" बारक्याचे डोळे भरून आले. आवाज पोचतोय, त्याला वाटलं, दादा ऐकतोय! संध्याकाळी डॉक्टर आले, त्यांनी पायाला टाचणी टोचून पाहिली आणि "चांगलं लक्षण आहे" असं म्हणाले. टाचणीने मात्र पाय हलला नाही.

ते गेल्यावर बारक्या बराच वेळ शेडमध्ये बसून राहिला. एक गोष्ट डोक्यातून जाईना. दादा किक मारायचा ती उजव्या पायाने. आणि वहिनी म्हणाली होती की पाय नुसता थरथरला नाही, गुडघ्यात वाकून सपकन खाली गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेतले मास्तर दुरुस्तीला टाकलेली त्यांची गाडी न्यायला आले. तीही जुनी, तिचाही आवाज कौलं हलवणारा. बारक्याने मुद्दाम मधलं दार उघडं टाकून तिला किक मारली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याने मान वाकडी करून आत पाहिलं. पांघरूण जागचं हललं नव्हतं.

"काय मिस्त्री, भावाला बरं आहे का?" मास्तर म्हणाले.

शांतता पसरली. बारक्याने खाली पाहिलं तर त्याचा हात मास्तरांच्या गाडीच्या स्विचवर होता. बंद कधी केली, त्याला आठवेना.

"आहे तसंच आहे," तो म्हणाला.

४

करंट होता. पेट्रोलही होतं; कार्बोरेटर सोडवून, भोकं फुंकून त्याने परत बसवला होता. राहिला दाब. दाब बघायची साधी रीत असते: प्लग काढायचा, त्या भोकावर बोट दाबून धरायचं आणि किक मारायची. इंजिन धडधाकट असेल तर आतली हवा बोट उडवून लावते.

बारक्याने प्लग काढला आणि भोकावर अंगठा ठेवला. किक मारायला पाय उचलला तेवढ्यात त्याला अंगठ्याखाली ऊब लागली. मग अंगठा हलकेच आत ओढल्यासारखा वाटला. मग परत ऊब.

त्याने पाय खाली ठेवला. गाडी स्टँडवर उभी होती, काही फिरत नव्हतं. वारा असेल. शेडचं शटर अर्धं वर होतं खरं, पण वारा काय इंजिनातून वाहतो? त्याने फडताळातल्या जुन्या वर्तमानपत्राचा नखाएवढा तुकडा फाडला आणि एका कडेला ग्रीस लावून भोकाच्या काठाशी डकवला. तुकडा भोकाला चिकटला. मग सुटला, फडफडला. परत चिकटला.

"अहो भाऊजी," वहिनीचा आवाज आला, "जरा येता का? यांचा श्वास कसासाच लागतोय. शीळ वाजल्यासारखा."

बारक्या मधल्या दारात जाऊन उभा राहिला. तिथून एका डोळ्याने खाट दिसे आणि मान जरा वळवली की गाडी. दादाची छाती वर गेली. त्याने मान वळवली, कागद चिकटलेला. छाती खाली आली. कागद फडफडला. असं त्याने किती वेळा पाहिलं कोण जाणे, वहिनीने दंडाला धरून हलवलं तेव्हा तो भानावर आला.

"असे काय बघताय खुळ्यासारखे? डॉक्टरांना फोन करू का?"

"थांबा," तो म्हणाला. शेडमध्ये गेला आणि प्लग परत बसवून घट्ट पिळला. आतली शीळ थांबली.

"ठीक झाला बाई श्वास," वहिनी म्हणाली. "देवा रे, घाबरवलंत मला."

बारक्या जमिनीवरच बसला. सांगायचं कोणाला? वहिनीला? ती आधीच अर्धी झाली होती. डॉक्टरांना? त्यांनी त्यालाच शेजारच्या खाटेवर झोपवलं असतं. योगायोग, तो स्वतःला म्हणाला. त्याने हा शब्द दोनतीनदा घोळवून पाहिला, पण त्याला तो पटेना.

५

त्या गाडीच्या डाव्या मुठीखाली बोटभर लांबीची एक लिव्हर होती. ती दाबली की इंजिनातला दाब फुस्सकन निघून जातो. किक मारायच्या आधी पिस्टन जागेवर आणायला ती दाबतात, नाहीतर किक खाली जातच नाही. आणि चालू गाडी बंद करायलाही तीच. पहिल्या दिवशी किक मारताना बारक्याने ती क्षणक्षणभर दाबलीही होती, पण तेव्हा वहिनी दारात होती आणि दादाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

आता त्याने ती दाबली ती नुसती अडकत तर नाही ना हे बघायला. खरंच, मनात दुसरं काही नव्हतं.

इंजिनातून एक लांब उसासा निघाला. तसाच उसासा पलीकडच्या खोलीतून आला. मग काहीच नाही. बारक्या लिव्हर धरून उभा होता, आणि पलीकडे काहीच नव्हतं.

"अहो! अहो, उठा! भाऊजी!"

त्याने चटका बसल्यासारखा हात काढला. खोलीत दादाने बुडता माणूस वर येताना घेतो तसा श्वास घेतला.

त्या दिवशी बारक्याने गाडीवर ताडपत्री टाकली, वर दोरी बांधली, दोरीला गाठींवर गाठी मारल्या. म्हणाला, हिला आता माझ्या जन्मात हात लावणार नाही.

६

पण तेही त्याच्या हातात राहिलं नाही.

रोज सकाळी तो ताडपत्रीखाली हात घालून इंजिनाचं डोकं चाचपायचा. ज्या उबेने त्याला पहिल्या दिवशी घाम फोडला होता, तीच आता तो शोधू लागला. आणि ऊब रोज थोडी कमी लागत होती. दादाचे हात गार पडू लागले. पातळ खाणंही घशाखाली उतरेना. डॉक्टरांनी नाडी पाहिली, वहिनीला चहा करायला आत पाठवलं आणि बारक्याला दारापर्यंत नेलं.

"मिस्त्री, आता हे आपल्या हातात नाही," ते म्हणाले. "बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या."

वहिनी चहा घेऊन आली नाही. ती शेडमध्ये गेली होती, दोरीच्या गाठी दातांनी सोडवत होती.

"काय करताय, वहिनी?"

"तुम्ही का थांबलात?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पाय हलत होता. डॉक्टर चांगलं म्हणत होते. आणि तुम्ही गाडी बांधून ठेवलीत. मी विचारलं नाही, म्हटलं भावाला काही कळत असेल. पण आता विचारते. का थांबलात?"

काय सांगणार होता तो? की हात लावला तर मी मारीन, आणि नाही लावला तर मरेल? त्याने खाली बसून उरलेल्या गाठी सोडवल्या.

७

करंट आहे, पेट्रोल आहे, दाब आहे. मग सुरू का होत नाही?

एक गोष्ट त्याने तपासली नव्हती. ठिणगी पडते, पण नेमकी कधी पडते? पिस्टन वर आला की त्या क्षणी पडायला हवी. जरा मागेपुढे झालं की सगळं असून नसल्यासारखं, आणि किक उलटा हिसका मारते. उलटा हिसका! दादा पडला त्या दिवशी तेच झालं होतं. शिकाऊ पोराच्याही हे आधी ध्यानात आलं असतं. बारक्याच्या आलं नाही, कारण ठिणगीची वेळ या गाडीला दादाने स्वतः लावलेली होती. ते बाजूचं गोल झाकण दादाशिवाय कोणी उघडत नसे. दादाने लावलेली वेळ चुकेल हा विचारच बारक्याच्या डोक्याला शिवला नव्हता.

त्याने ते झाकण आयुष्यात पहिल्यांदा उघडलं. आत ठिणगीची वेळ ठरवणारी चकती दांड्याला पकडून ठेवणारी नखाएवढी चावी असते. ती तुटून दोन तुकडे झाली होती, आणि चकती भलतीकडेच फिरली होती.

दुसऱ्या एका इंजिनातली चावी त्याने घासून बसवली. मग दादा करायचा तसा पॉइंटमध्ये, म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या दोन टिकल्यांच्या फटीत, पातळ कागद अडकवला आणि चकती केसाकेसाने फिरवू लागला. बरोबर जागा आली की कागद सुटतो. वहिनी आत दादाजवळ बसली होती.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "यांचं तोंड."

"काय झालं?"

"सरळ होतंय."

बारक्याने मान वर केली नाही. त्याने चकती आणखी केसभर फिरवली. कागद सुटला. आतून वहिनीचा हुंदका आला, आणि त्याने तिथेच चकती आवळून टाकली.

आता फक्त किक. पण किकेसाठी ती लिव्हर एकदा दाबावी लागणार होती. तिच्याशिवाय पिस्टन जागेवर येत नाही. तो गाडीवर उभा राहिला. दुपारचं ऊन शटरखालून आत आलं होतं. त्याने स्वतःला बजावलं: एकदाच. सुरू करायला एकदाच, आणि मग तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पेट्रोलची टाकी तोंडोतोंड भरली होती, कॅनही शेजारी आणून ठेवला होता. ही गाडी आता बंद करायची नाही. जग बुडालं तरी नाही.

त्याने स्वतःचा श्वास रोखला आणि लिव्हर दाबली. पलीकडे उसासा निघाला. किक सावकाश खाली, पिस्टन जागेवर, लिव्हर सोडली. पलीकडे श्वास परत आला. बारक्याने सगळं वजन उजव्या पायावर टाकलं.

८

गाडी सुरू झाली.

काय आवाज होता तो! संथ, जाड, एकेक ठोका मोजून घ्यावा असा. फडताळातले पाने खणखणू लागले. बारक्या मोठ्याने हसला, कितीतरी दिवसांनी. त्याने मधल्या दारातून आत पाहिलं.

वहिनी भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात तोंडावर. खाटेवर दादा बसला होता. कोणी बसवला नव्हता, आपला आपण बसला होता, पाय खाली सोडून. त्याने मान वळवली. नजर फिरत फिरत शेडमध्ये आली, गाडीवर थांबली, मग बारक्यावर. ओळखीचं कोणी दिसलं की दादा डावी भुवई उडवायचा, तशी त्याने ती उडवली.

मग त्याचे ओठ हलले. धडधडीतूनही बारक्याला पहिला शब्द लागला.

"बारक्या..."

पुढे तो काहीतरी सांगत होता. भरभर, घाईघाईने, हात पुढे करून. बारक्याने ऐकायला मान पुढे केली.

शांतता पसरली.

फडताळातला एक पाना थोडा वेळ हलत राहिला आणि थांबला. बारक्याने आधी खाटेकडे पाहिलं नाही. त्याने खाली पाहिलं, डाव्या मुठीकडे. त्याची बोटं लिव्हरवर होती, घट्ट, एखाद्या शहाण्या मुलाने सांगितलेलं ऐकावं तशी.

त्याने ती सोडली. पलीकडून काही आलं नाही.

त्याने किक मारली. परत मारली. तापलेली गाडी सुरू करताना घाई करू नये, पेट्रोल चढून प्लग भिजतो, हे दादाचंच वाक्य. ते आठवत असतानाही तो मारतच राहिला. पाय घसरला, नडगी सोलली. "हो ना ग," तो गाडीला म्हणत होता, "हो ना ग बाई." त्याने इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवला. ते चांगलंच तापलेलं होतं. जरा वेळाने त्यातून टिक, टिक असा आवाज यायला लागला. तापलेलं लोखंड निवताना येतो तो.

वहिनी मधल्या दारात आली. तिचा चेहरा अजून आनंदाने फुललेला होता, तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"बोलले हो, भाऊजी. तुमचं नाव घेतलं," ती म्हणाली. "आता दमून आडवे झालेत. काहीतरी सांगायचं होतं त्यांना तुम्हाला, अर्धंच राहिलं. परत सुरू करा ना गाडी."